तिकीट आणि परवाना

गणेशविसर्जनाचा कार्यक्रम आटोपून आम्ही घरी निघालो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. सभागृहातील सतरंज्या गुंडाळून झाल्या, उरलेल्या प्रसादाची पातेली गाडीत ठेवली आणि मी गाडी चालवावयास बसलो. शेजारी मॉरिशसहून दोन महिन्यांसाठी आलेले माझे वृद्ध मामा, आणि मागे पत्नी व मुलगी. गल्ली संपवून मोठ्या रस्त्याला लागतो न लागतो तोच मागून निळा दिवा लुकलुकू लागला. मी गाडी कडेला घेतली. एक तरुण पोलीस शिपाई खिडकीशी आला व सभ्यपणे म्हणाला की, तुमच्या गाडीचा मागचा एक दिवा बंद आहे. जरा परवाना पाहू द्याल का?

मी खिसे चाचपले. परवाना रोजच्या कोटात घरी राहिला होता आणि अंगात तर सणाचा रेशमी सदरा! मी ओशाळून तसे सांगितले. त्याने माझे नाव, पत्ता व जन्मतारीख विचारून टिपून घेतली आणि म्हटले, ''सात दिवसांच्या आत परवाना पोलीस ठाण्यावर दाखवा. कोणते ठाणे आपल्याला सोयीचे?'' मी घराजवळच्या ठाण्याचे नाव सांगितले. त्याने ते एका कागदावर लिहून कागद माझ्या हाती दिला, दिवा उद्याच बदलून घ्यावयास सांगितले, आणि शुभरात्री म्हणून तो निघून गेला. सारा प्रकार दहा मिनिटांत आटोपला.

मी गाडी पुन्हा सुरू केली आणि सहज मामांकडे पाहिले. आतल्या खिशातून त्यांनी आपला पासपोर्ट केव्हाच काढला होता आणि दोन्ही हातांनी तो मांडीवर उघडा धरून ते बसले होते. कोणीही तो त्यांच्याकडे मागितला नव्हता. निळा दिवा दिसताक्षणीच तो त्यांच्या हातात आला होता, आणि शिपाई निघून गेल्यावरही तो परत खिशात ठेवण्याचे त्यांना सुचत नव्हते.

घरी आल्यावर चहाचा पेला पुढे ठेवला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, ''अरे, कागद जवळ नसताना तुला सोडलं कसं?''

मी म्हटले, ''मामा, येथील कायदाच तसा आहे.''

त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांच्या आजीची हकीकत सांगितली. आजीचे सासरे रत्नागिरीकडून गिरमिटावर गेलेले. गिरमिट पुरे झाल्यावर त्यांनी लहानसा तुकडा खंडाने घेतला, भाजीपाला लावला, एक गाय बाळगली. एकदा आपला जहाजभाई आजारी असल्याचे ऐकून ते पलीकडच्या जिल्ह्यात त्याला भेटावयास गेले. घाईत तिकीट घरी राहिले. वाटेत शिपायाने हटकले. ते घरी परतले ते पंधरा दिवसांनी, आणि दंड भरण्यासाठी गाय विकावी लागली. त्या दिवसापासून त्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मुलगा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू लागला की आजी म्हणे, ''भाकर विसरलास तरी चालेल, तिकीट विसरू नकोस.'' तिकिटाची सक्ती गेली, गिरमिट गेले, देश स्वतंत्र झाला. पण ते वाक्य मामांच्या अंगात राहिले होते आणि त्या रात्री एका इंग्रजी रस्त्यावर ते पासपोर्टाच्या रूपाने बाहेर पडले.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असे एखादे वाक्य असेलच. म्हणूनच परवाना घरी विसरण्याच्या या क्षुल्लक प्रसंगाकडे जरा निरखून पाहावे असे मला वाटले. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला 'तू कोण?' असे विचारण्याचा अधिकार राज्याला कोठवर असावा, आणि उत्तर देण्यास त्या माणसाला किती अवधी मिळावा, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या देहावर सोसलेला आहे.

१८३४ पासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर मॉरिशस बेटावर उतरले. कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून त्यांची जहाजे सुटत. मुंबईहून गेलेल्यांत आपली मराठी माणसे होती. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर ती उतरली त्या आप्रवासी घाटाला युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाचा मान दिला आणि त्याच्या सोळा पायऱ्या आज आपण भक्तिभावाने चढतो. परंतु त्या पायऱ्या चढून गेल्यावर पुढे काय घडले, हे सांगताना आपण बहुधा उसाच्या मळ्यातील कष्टांपाशी थांबतो. रस्त्यावरचे कष्ट विसरले जातात.

गिरमिटाची वर्षे भरली की मजूर कायद्याने मोकळा होई. पण मळेवाल्यांना मोकळा मजूर नको होता. त्याने पुन्हा करार करावा अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी करण्याचे काम १८६७ सालच्या ३१ क्रमांकाच्या कायद्याने केले. सर हेन्री बार्कली तेव्हा तेथे गव्हर्नर होते, आणि बेटावर हिवतापाच्या साथीने हाहाकार माजलेला होता. या कायद्यान्वये गिरमिट पुरे केलेल्या प्रत्येक 'जुन्या आप्रवाशा'स स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट बाळगावे लागे. शिवाय ज्या जिल्ह्यात तो राहतो तेथील पोलिसांचा पास घ्यावा लागे. राहण्याचे ठिकाण बदलले की ते नोंदवावयाचे, उद्योग बदलला की तोही नोंदवावयाचा. कागद हरवला तर नवा मिळविण्यासाठी पैसे मोजावयाचे. आणि रस्त्यावर शिपायाने विचारताच कागद हाती नसेल तर तो माणूस 'भटक्या' ठरे. घर असलेला, शेत असलेला, बायकामुले असलेला माणूस भटक्या! अशांना डांबून सक्तमजुरी करून घेण्यासाठी ग्रांद रिव्हिएर येथे खास कोंडवाडा होता. १८६४ साली उघडलेला तो कोंडवाडा १८८६ पर्यंत चालला. पोलीस टोळ्यांनी निघत आणि वाटांवरून, शेतांतून माणसे धरून आणीत. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांतही या मोहिमांना शिकारीचाच शब्द लावलेला आढळतो.

या जुलमाविरुद्ध आवाज उठविणारा गृहस्थ हिंदी नव्हता. आडॉल्फ द प्लेविट्झ हा जर्मन वंशाचा, स्वतः मळ्याची व्यवस्था पाहणारा मनुष्य. त्याने गावोगाव हिंडून हकीकती गोळा केल्या आणि जून १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या आप्रवाशांच्या नावांचा अर्ज गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्यापुढे ठेवला. मळेवाले इतके संतापले की त्याला भर शहरात मार खावा लागला. पण अर्ज वाया गेला नाही. १८७२ साली राजाज्ञेने चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्या दोन सभासदांपैकी विल्यम एडवर्ड फ्रियर हे पूर्वी मुंबई इलाख्यात चाकरी केलेले होते. आयोगाचा अहवाल १८७५ साली प्रसिद्ध झाला, त्याने पास आणि धरपकडीचे स्वरूप उघडे केले, आणि १८७८ साली मजुरांविषयीचा नवा कायदा करावा लागला. ज्यांना लिहिता येत नव्हते अशा हजारो माणसांनी अर्जावर केलेल्या खुणांचे हे फळ होते.

आता या देशाकडे वळू. इंग्लंडातील माणूस रस्त्यावर कागदावाचून फिरतो, याचा आपल्याला अचंबा वाटतो. पण त्यालाही हा हक्क आयता मिळालेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी, १९३९ साली, येथे राष्ट्रीय नोंदणीचा कायदा झाला आणि प्रत्येकास ओळखपत्र देण्यात आले. युद्ध १९४५ साली संपले, ओळखपत्रे मात्र राहिली. आणि पोलिसांनी वाहनचालकास थांबविले की कारण काहीही असो, ओळखपत्र मागण्याचा प्रघातच पडून गेला.

७ डिसेंबर १९५० रोजी लंडनच्या उत्तरेस फिंचली येथे क्लॅरेन्स हेन्री विलकॉक या मोटारचालकास हॅरल्ड मकल नावाच्या शिपायाने अतिवेगाबद्दल थांबविले व ओळखपत्र मागितले. विलकॉक हा उदारमतवादी पक्षाचा कार्यकर्ता होता. आपण उदारमतवादी आहोत आणि असल्या गोष्टींच्या विरुद्ध आहोत, असे सांगून त्याने ओळखपत्र दाखविण्यास नकार दिला. दोन दिवसांत ठाण्यावर आणून दाखविण्याचा कागद शिपायाने दिला. तोही त्याने झिडकारला. खटला चालला. खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, पण शिक्षा केली नाही. अपील सात न्यायाधीशांपुढे गेले आणि जून १९५१ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी निकाल दिला. कायद्याच्या शब्दानुसार विलकॉक हरला. पण न्यायमूर्तींनी पोलिसांना स्पष्ट बजावले की, युद्धाच्या प्रयोजनासाठी केलेला कायदा युद्धानंतर वाटेल त्या कारणासाठी वापरल्याने सरळमार्गी नागरिकही कायदेभंग करणारे बनतात. पुढे ८ महिन्यांच्या आत, २१ फेब्रुवारी १९५२ रोजी, ओळखपत्र बाळगण्याची सक्ती संपल्याचे पार्लमेंटात जाहीर झाले.

प्लेविट्झच्या अर्जावर खूण करणारा मजूर आणि फिंचलीचा विलकॉक एकमेकांना ओळखत नव्हते, आणि त्यांच्या स्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर होते. विलकॉकने नकार दिला तेव्हा त्याला कोंडवाड्याचे भय नव्हते. तरीही दोघांचे म्हणणे एकच होते: मी काही गैर केले असेल तर ते सांगा, केवळ कागद नाही म्हणून मला गुन्हेगार मानू नका.

वाहन चालविण्याच्या परवान्याचीही अशीच हळूहळू घडलेली कथा आहे. १९०३ सालच्या मोटारगाड्यांच्या कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून या देशात परवाना आला. त्याची फी पाच शिलिंग होती, आणि शिपायाने मागताच तो जागच्या जागी दाखवावा लागे. १९३० च्या कायद्याने चालकाला पाच दिवसांची सवड दिली. आज १९८८ चा रस्ते वाहतूक कायदा लागू आहे. त्याच्या १६४ व्या कलमाप्रमाणे ही सवड सात दिवसांची आहे, आणि ठाणे निवडण्याचा हक्क शिपायाला नसून चालकाला आहे. त्या रात्री शिपायाने मला सोयीचे ठाणे विचारले तो केवळ त्याचा चांगुलपणा नव्हता, तो कायदा होता. ज्यांच्या पणज्याला कोणत्या जिल्ह्यात राहावे हेही पोलिसांच्या पासावर ठरवावे लागे, त्यांनी या लहानशा तरतुदीकडे आदराने पाहावे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, कारण आपल्या मंडळींत याविषयी बराच घोटाळा आढळतो. परवाना 'जवळ नसणे' आणि परवाना 'नसणे' या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला सात दिवसांची सवड आहे. दुसरी हा स्वतंत्र गुन्हा असून अशा वेळी पोलीस गाडीही ताब्यात घेऊ शकतात. गणवेशातील शिपायाने थांबण्याची खूण केली तर १६३ व्या कलमान्वये थांबलेच पाहिजे. त्यासाठी त्याने आपल्यावर संशय घ्यावयास हवा असे नाही. नाव, पत्ता व जन्मतारीख विचारली तर ती खरी सांगावी. विम्याचे व गाडीच्या वार्षिक तपासणीचे प्रमाणपत्रही मागितले जाऊ शकते, आणि त्यासाठीही सात दिवस मिळतात. मात्र सात दिवस उलटून गेले आणि सबळ कारण नसेल तर न दाखविणे हा गुन्हा होतो; म्हणून मिळालेला कागद गणपतीच्या पत्रिकेबरोबर खणात टाकून विसरू नये. हल्ली पोलिसांना नाव व जन्मतारखेवरून परवान्याची नोंद यंत्रावर तेथल्या तेथे पाहता येते, त्यामुळे पुष्कळदा ठाण्यावर जाण्याची वेळही येत नाही. पण ती नोंद खरी असली पाहिजे. घर बदलल्यावर स्वान्सी येथील कार्यालयास नवा पत्ता न कळविल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि छायाचित्राचा परवाना दर दहा वर्षांनी नवा करावा लागतो. पत्ता कळविण्याची सक्ती पूर्वजांवर होती तशी आपल्यावरही आहे. पण ती गाडी चालविणाऱ्या प्रत्येकावर सारखीच आहे, विशिष्ट वर्णाच्या माणसापुरती नाही. कायद्याची आणि जुलमाची सीमारेषा येथे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ही सवड याच देशाची आहे. फ्रान्समध्ये गाडी चालविताना परवाना जवळ असावाच लागतो. भारतातही शिपायाने मागताच तो दाखवावा लागतो. मात्र २०१८ च्या दुरुस्तीनंतर डिजिलॉकरमधील प्रत तेथे चालते. सुटीत गावी जाऊन गाडी चालविणाऱ्या तरुणांनी येथील सवय तेथे नेऊ नये.

येथील कायदा सर्वांना नेहमी सारखाच लावला गेला, असे मात्र मी म्हणणार नाही. १८२४ साली याच देशात भटक्यांविषयीचा एक कायदा झाला होता. त्यातील 'संशयित व्यक्ती' या शब्दांच्या आधारे पोलीस नुसत्या संशयावरून माणसाला पकडीत. आणि १९७० नंतरच्या काळात त्याचा जाच विशेषेकरून काळ्या तरुणांना झाला. एप्रिल १९८१ मध्ये ब्रिक्स्टन पेटले आणि त्याच वर्षी ती तरतूद रद्द झाली. पुढे स्टीफन लॉरेन्स या तरुणाच्या खुनाच्या तपासाविषयी मॅकफर्सन यांचा अहवाल १९९९ साली आला. पोलिसांनी कोणालाही थांबविले तर त्याची कारणासह नोंद करून तिची प्रत त्या माणसाला द्यावी, अशी शिफारस त्यात होती. 'भटक्या' हा शब्द मॉरिशसमध्ये आमच्या आजोबा-पणजोबांना लावला गेला आणि इंग्लंडात आमच्या शेजाऱ्यांच्या मुलांना, हे आपण विसरता कामा नये. ज्याला थांबविले तो आपल्या जातीचा वा धर्माचा नाही, एवढ्याने आपण नजर वळविली, तर पूर्वजांच्या दुःखातून आपण काहीच शिकलो नाही असे म्हणावे लागेल.

परदेशी गेलेल्या हिंदी माणसाच्या कागदाचा प्रश्न आपल्या थोर पुरुषांनीही आपला मानला होता. ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांवर नोंदणीची प्रमाणपत्रे लादण्यात आली, तेव्हा गांधीजींच्या नेतृत्वाखाली १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्ग येथे त्या प्रमाणपत्रांची होळी झाली. आणि गिरमिटाची पद्धतच बंद व्हावी असा ठराव ४ मार्च १९१२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले हे आपल्या कोकणातलेच. तो ठराव त्या दिवशी नामंजूर झाला; पण १९१७ साली गिरमिटावर मजूर धाडणे थांबले. पराभूत झालेले अर्ज, हरलेले खटले आणि नामंजूर झालेले ठराव पुढच्या पिढ्यांच्या कसे कामी येतात, याची ही तिसरी साक्ष.

तिसऱ्या दिवशी मी परवाना घेऊन ठाण्यावर गेलो. मामा आपणहून बरोबर आले. खिडकीमागच्या बाईंनी परवाना पाहिला, काही टिपले आणि तो परत केला. मामांनी मला हळूच विचारले, ''एवढंच?'' मी म्हटले, ''एवढंच.'' परतताना ते बराच वेळ स्वतःशीच हसत होते. पासपोर्ट त्या दिवशीही त्यांच्या खिशात होता. सत्तर-ऐंशी वर्षांची सवय एका भेटीत जात नाही, आणि ती जावी म्हणून मी आग्रहही धरला नाही.

वाचकांस माझी दोन गोष्टींची विनंती आहे. आपल्या मुलामुलींना गाडी शिकविताना चाकाबरोबर कायदाही शिकवा. पोलिसाने थांबविले तर उर्मटपणा नको, तशी लाचारीही नको. इंजिन बंद करावे, कारण विचारावे, विचारलेले खरे सांगावे आणि आपला हक्क शांतपणे मागावा. दुसरी विनंती अशी की, मॉरिशसला जाल तेव्हा मोका येथील महात्मा गांधी संस्थेत अवश्य जा. जुन्या आप्रवाशांच्या नोंदी आणि छायाचित्रे तेथे जपून ठेवलेली आहेत. ज्या कागदासाठी आपल्या पणज्याला रस्त्यात अडविले, त्याच कागदामुळे आज त्याचे नाव, गाव आणि चेहरा आपल्याला सापडू शकतो. ते चित्र घरी आणून देवघराशेजारी लावा, आणि मुलांनी विचारले तर सांगा: या माणसाला हे तिकीट घेतल्यावाचून घराबाहेर पाऊल टाकता येत नसे; तुम्हाला आज परवाना विसरूनही मान ताठ ठेवून घरी परतता येते. मुलांना एवढे समजले तर ती आपला परवाना जपतील, आणि दुसऱ्याचा मानही जपतील.